बाबांचा गुलाब वाचवताना : डोळे भरण्याच्या नोंदी, जानेवारी ते मे

घरातला एखादा जुना गुलाब वरून वाळत चालला असेल आणि त्याचं दुसरं रोप कुठे मिळण्यासारखं नसेल, तर त्याचा डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला न फुटलेला कोंब, काढून दुसऱ्या खुंटावर, म्हणजे मुळं धरलेल्या दुसऱ्या गुलाबाच्या खोडावर, भरणं हा एक मार्ग आहे. मी तो पहिल्यांदाच केला. बाबा करायचे, पण शेजारी उभं राहून मी कधी नीट बघितलं नाही. ऑक्टोबरात ते गेले. आता ज्या चुका झाल्या त्या तारखेसकट लिहून ठेवते आहे, म्हणजे पुढच्या माणसाचे डोळे वाया जायला नकोत.

४ जानेवारी

आज तीन महिन्यांनी गच्चीवर गेले. कुंड्यांमधली बरीच झाडं गेली आहेत. गुलाब बावीस वर्षांचा. फिकट गुलाबी, सैल पाकळ्यांचा, वासाला फार गोड. बाबांना त्याचं नाव माहीत नव्हतं आणि त्याची काडी लागत नाही, हे ते वैतागून सांगायचे ते आठवतंय.

तीन जाड फांद्या आहेत. नखाने साल खरवडून बघितली. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी आणि कोरडं दिसलं तर गेली. दोन फांद्या बुंध्यापर्यंत तपकिरी. तिसरी वरून वीतभर काळी पडली आहे, पण त्याखाली हिरवी आहे. शेंडेमर आहे, म्हणजे शेंड्याकडून फांदी मारत येणारा रोग, तो वरून खाली सरकत येणार. हिरव्या भागावरचे डोळे मोजले : १९.

भिंतीला लागून दहा काळ्या पिशव्या होत्या. त्यात नुसत्या काड्या, मला वाटलं वाळलेल्याच. उचलून टाकायला घेतल्या तेव्हा पिशवीवर बाबांच्या अक्षरात १ ते १० आकडे दिसले. पावसाळ्यात त्यांनी जंगली गुलाबाच्या काड्या लावल्या होत्या, यावर डोळे भरायला. म्हणजे गुलाब जाणार हे त्यांना जूनमध्येच दिसलं होतं. त्या खरवडल्या. ४, ७ आणि १० गेल्या आहेत. बाकी सात जिवंत, पेन्सिलीएवढ्या जाड. डोळा भरायला हीच जाडी लागते.

चूक : खात्री करायच्या नादात एकेक फांदी चार-पाच ठिकाणी खरवडली. प्रत्येक ओरखडा म्हणजे जखम असते. एका फांदीला एक ओरखडा पुरे, तोही डोळ्यापासून लांब.

९ जानेवारी

राहवलं नाही. तीन डोळे भरले, खुंट १, ८ आणि ९ वर.

पद्धत सांगते. खुंटाच्या सालीवर, मातीपासून चार बोटं वर, इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची : एक आडवी, तिच्या मधून खाली इंचभर उभी. चीर फक्त सालीतून जायला हवी, लाकडात नाही. मग चाकूच्या बोथट टोकाने उभ्या चिरेच्या दोन्ही कडा उचलायच्या. आपल्या गुलाबाचा डोळा सालीच्या छोट्या ढालीसकट काढायचा, त्या कडांमध्ये वरून खाली सरकवायचा आणि डोळा उघडा ठेवून पट्टीने घट्ट बांधायचं.

साल उचललीच गेली नाही. लाकडाला जणू चिकटवलेली. मी चाकू घालून उपटत राहिले तशा तिच्या चिंध्या झाल्या. तरी त्या चिंध्यांखाली डोळे कसेबसे कोंबले. तीन डोळ्यांना दोन तास लागले. डोळे काढून ताटलीत ठेवले होते, ते तोवर कडेने सुकले होते.

उरले १६.

१८ जानेवारी

तिन्ही काळे. वाट बघण्यासारखं काही नव्हतं, तरी नऊ दिवस रोज दोनदा जाऊन बघत होते.

कारण आता कळलं, आणि या कामात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. साल आणि लाकूड यांच्या मध्ये वाढीचा एक अतिशय पातळ थर असतो. झाड झोपलेलं असताना तो थरही झोपलेला असतो आणि साल लाकडाला घट्ट धरून बसते. ऋतू पालटला की वरचे डोळे फुगू लागतात, त्यांच्यातून ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खाली उतरतं आणि हा थर जागा होतो. त्यात नव्या, पातळ भिंतीच्या, पाणीदार पेशी तयार होतात. तेव्हाच साल सुटते, आणि जोडही याच थरातून धरतो. म्हणजे मला चाकू हवा होता, पट्टी हवी होती, आणि वसंत हवा होता. तिसरी गोष्ट हाताशी नसताना मी काम सुरू केलं.

नवे डोळे भरायचे नाहीत. तोवर खुंटांच्या छाटलेल्या काड्यांवर सराव करायचा.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर काड्या पसरून बसले होते. बाबा गेल्यापासून आई आपल्या खोलीतच असते. पाणी प्यायला बाहेर आली, माझ्या हातातल्या सालीच्या चिंध्या बघून थांबली. म्हणाली, "चाकू दाबतेयस कशाला? कापडाचा वरचा पदर कापायचा आणि खालचा राखायचा, तसं धर." आईने चाळीस वर्षं शिवणकाम केलं आहे. तिने चाकू घेतला आणि पहिल्याच चिरेत नुसती साल कापली. लाकडावर ओरखडाही नाही. मग चाकू ठेवून आत गेली.

२७ जानेवारी

सराव : आजवर साठेक चिरा. डोळ्याची ढाल आता एका ओढीत निघते. चाकू बारीक दगडावर घासून धार लावली. आधीच्या चाकूने साल कापली जात नव्हती, चिरडली जात होती.

दर तीन दिवसांनी प्रत्येक खुंटाच्या एका बाजूच्या फांदीवर नखाएवढी चीर देऊन बघते. साल अजून सुटत नाही.

दुसरं काही करता येत नाही म्हणून वाचत बसते. इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाचा एक जमीनदार होता. त्याने १७३६ पासून आपल्या आवारातल्या वसंताच्या खुणा तारखेसकट लिहायला घेतल्या : कुठल्या झाडाला कधी पान फुटलं, कुठला पक्षी कधी बोलला, पहिला बेडूक कधी ओरडला. तो गेल्यावर त्याच्या घरातल्यांनी ती नोंद पुढे चालू ठेवली, थेट १९५८ पर्यंत. जपानमध्ये क्योतोच्या चेरीच्या बहराच्या तारखा तर इसवी सन ८१२ पासूनच्या सापडतात. जुन्या रोजनिश्यांतून, दरबारी कागदांतून त्या गोळा केल्या आहेत. तिथे २०२१ साली २६ मार्चला पूर्ण बहर आला, बाराशे वर्षांत इतक्या लवकर कधी आला नव्हता. त्याआधीची सर्वांत लवकरची तारीख १४०९ सालची होती, २७ मार्च. मला एवढंच वाटलं की इतकी वर्षं कुणी ना कुणी बाहेर जाऊन बघत होतं आणि लिहीत होतं. घरात कुणी गेलेलं असेल, आजारपण असेल, त्या वर्षीसुद्धा.

५ फेब्रुवारी

शेंडेमर दोन बोटं खाली आली. दोन डोळे गेले. उरले १४.

आता दोन्हीकडून कोंडी. साल सुटायची वाट बघावी तर डोळे जातात, आणि आत्ता भरावेत तर धरत नाहीत. आज ठरवून फांदी कापली. काळ्या भागाच्या बरंच खाली, आतलं लाकूड पांढरंस्वच्छ दिसेपर्यंत. कापलेल्या तोंडावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावली. काळा भाग टाकून दिला. मधल्या चांगल्या तुकड्यावर सहा डोळे होते, ती डोळकाडी ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली. झाडावर राहिले ८.

ही छाटणी ४ जानेवारीलाच करायला हवी होती. रोग खाली सरकतोय हे दिसत असताना मी महिनाभर नुसती मोजत बसले, कारण बाबांच्या झाडाला कात्री लावायचा धीर होत नव्हता.

खुंट २ आणि ५ चे डोळे किंचित फुगलेत, टोकाला लालसर झाक आहे. आईला सांगितलं. "हं" म्हणाली.

१० फेब्रुवारी

सगळ्या खुंटांना भरपूर पाणी दिलं. भरायच्या तीन-चार दिवस आधी पाणी दिलं की साल सुटायला मदत होते. आणखी काही नाही.

१४ फेब्रुवारी

साल सुटली.

हे हाताला कसं लागतं ते लिहून ठेवते, कारण हे नुसतं सांगून समजत नाही. आडव्या चिरेच्या कोपऱ्यात चाकूचं बोथट टोक लावलं आणि काही जोर न लावता ते आत गेलं. साल पाकिटाच्या झडपेसारखी उचलली गेली. खालचं लाकूड पांढरट, ओलं, इतकं गुळगुळीत की त्यावर उजेड चमकला. बोट लावलं तर किंचित बुळबुळीत. मी खाली जाऊन आईला हाक मारली. ती ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच जिना चढली, मध्ये एकदा थांबून. तिनेही त्या लाकडावरून बोट फिरवलं, मग पदराला पुसलं. "साल सुटली म्हणायचे ते हेच का," एवढंच बोलली.

सातांपैकी पाच खुंटांची साल सुटली. ८ आणि ९ ची नाही. जानेवारीतल्या माझ्या जखमांनी ते मागे पडले आहेत.

फ्रिजमधली डोळकाडी उघडली. फडकं फार ओलं होतं, सहापैकी चार डोळ्यांवर बुरशी. फडकं पिळून, हाताला नुसतं दमट लागेल इतकंच ठेवायला हवं होतं. दोन बरे दिसले, पण त्यांचे देठ कुजून गेले होते. झाडावरून तीन ताजे घेतले. ताजा डोळा घेताना पान कापून टाकायचं पण देठ अर्धा इंच ठेवायचा. धरायला मूठ होते, आणि पुढे त्याचा फार मोठा उपयोग आहे. डोळा पिकलाय का हे काट्यावरून कळतं : काटा बोटाने बाजूला ढकलल्यावर कट्कन स्वच्छ तुटला तर फांदी तयार, वाकला किंवा सालीसकट सोलला तर कोवळी.

भरले : १, २ आणि ३ वर ताजे, ५ आणि ६ वर फ्रिजमधले. १ वर जानेवारीतल्या जखमेच्या उलट बाजूला.

५ बांधताना आईने माझा हात धरला. "उलटा बसवलायस." ढाल हातातून सुटून खाली पडली होती, उचलताना फिरली होती. देठ नाही म्हटल्यावर मला कळलंच नाही. पानाच्या देठाचा वण नेहमी डोळ्याच्या खाली असतो. आईला त्यातलं काही माहीत नव्हतं, पण कापडाचा उलटसुलट ओळखायची सवय. बाकीच्या चार डोळ्यांकडे बघून तिला हा वेगळा दिसला. काढून सुलटा केला.

२, ५ आणि ६ आईने बांधले. १ आणि ३ मी.

झाडावर उरले ५. पाच डोळ्यांना दीड तास लागला.

२२ फेब्रुवारी

३ कुजला. गेल्या रविवारी धूळ बसली म्हणून मी वरून पाणी मारलं आणि ते टीच्या आडव्या चिरेतून आत शिरलं. आईच्या बांधणीत शिरलं नाही. का, ते बघितलं. ती खालून वर गुंडाळत गेली होती, त्यामुळे प्रत्येक वरचा वेढा खालच्यावर चढला, कौलांसारखा, आणि पाणी बाहेरून ओघळून गेलं. मी वरून खाली गुंडाळलं होतं. माझ्या प्रत्येक वेढ्याने पाण्याला आत वाट करून दिली.

यापुढे खालून वर. पाणी फक्त मुळाशी.

१ मार्च

पंधरा दिवस झाले. आज देठाची परीक्षा.

१ : देठ वाळून तपकिरी झालाय. बोटाने हलवला, हलला नाही, ढालीला चिकटून बसलाय. जरा ओढला तर ढालच सालीतून निघून आली, कोरडी. गेला.

२ : देठ पिवळा पडला होता. बोट लागलं, आणि तो गळून पडला. नुसत्या स्पर्शाने. जिथून गळाला तिथे स्वच्छ, फिकट हिरवा वण. त्यावर डोळा टपोरा, हिरवा.

मला वाटत होतं की देठ टिकला तर डोळा जगला. उलटं आहे. पान आपोआप गळत नाही, झाड ते गाळतं. देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो, तो पेशींमधला जोड विरघळवतो, आणि आतल्या बाजूने जखम बंद करून घेतो. हे सगळं काम आहे, आणि ते करायला खालचा भाग जिवंत लागतो. उन्हाळ्यात मोडलेल्या फांदीवर वाळकी पानं महिनोन् महिने लटकत राहतात ती त्यामुळेच. त्या फांदीत पान सोडून द्यायची ताकद उरलेली नसते. आणि ज्या बेचक्यातून पान गळतं तिथे पुढचा डोळा आधीच बसलेला असतो, पान हिरवं असल्यापासून. शिशिरात उघडं पडलेलं झाड बघून माझं मन दरवर्षी उदास व्हायचं. ते झाडाने केलेलं काम आहे, हे आज हातात गळालेला देठ धरून कळलं.

आईला दाखवला. तिने तो बराच वेळ तळहातावर ठेवला.

५ ला देठ नव्हता, पण डोळा हिरवा आहे, ढालीच्या कडेला पांढुरकी भर दिसते. जगला असं धरते. ६ सुरकुतला, गेला.

पाचांतले दोन. दोन्ही आईने बांधलेले.

८ मार्च

आज फार मोठा आनंद झाला आणि दोन तासांत गेला. ५ ला लालसर, रसरशीत धुमारा फुटलेला दिसला, बोटभर लांब. मावशीला फोन केला. आईला वर आणलं. नंतर काठी लावायला माती उकरली तेव्हा दिसलं की धुमारा डोळ्यातून आलेलाच नाही. मातीखालून, खुंटाच्या बुडातून आलाय. जंगली गुलाबाचाच.

खूण म्हणून सांगतात की खुंटाच्या पानात सात-नऊ पर्णिका (एका देठावरची छोटी पानं) आणि आपल्या गुलाबात पाच. त्यावर विसंबू नका, दोन्हीकडे कमी-जास्त निघतात. फुटवा कुठून निघाला ते माती बाजूला करून डोळ्याने बघा, एवढी एकच खात्री. आणि तो कात्रीने कापू नका. कापला तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून पुन्हा चार येतात. हाताने खाली ओढून मुळापासून उपटा.

उपटताना मला रडू आलं. आई म्हणाली, "अगं, खुंट जागा झालाय म्हणजे मुळं जागी झालीत. खालून वर येईलच ना." आणि उरलेली माती तिने हाताने लोटून सारखी केली.

१० मार्च

दुसरी फेरी. आता ८ आणि ९ चीही साल सुटते आहे. झाडावर पाच डोळे, छाटणीनंतर शेंडेमर पुढे सरकलेली नाही. प्रश्न होता की सगळे घ्यायचे का. घेतले तर मूळ झाड संपलं. आई म्हणाली, "एक ठेव. अगदी खालचा." चार घेतले आणि फांदी त्या शेवटच्या डोळ्याच्या वर तिरकी कापली, पेस्ट लावली. आता कुंडीत नुसतं हातभर खोड उभं आहे.

भरले : ३ आणि ६ (नव्या बाजूला), ८, ९. चिरा मी दिल्या, बांधणी सगळी आईची. चार डोळ्यांना चाळीस मिनिटं.

२० मार्च

आज दिवस आणि रात्र जवळपास सारखे.

२ आणि ५ ची पट्टी सोडली. २ ची आठ दिवस आधीच सोडायला हवी होती. खुंट जाड होतोय आणि पट्टी सालीत रुतली, खाच पडली आहे. भरेल, पण तीन आठवडे झाले की पट्टी बघत राहा.

दुसरी चूक मोठी. डोळा जगून वीस दिवस झाले तरी तो तसाच आहे, कारण खुंटाचा शेंडा मी राखून ठेवला. जास्त पानं म्हणजे जास्त अन्न, असा विचार केला. पण शेंडा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना उठू देत नाही. आज दोन्ही खुंट डोळ्याच्या वर चार बोटांवर अर्धे कापून आडवे वाकवले. पानं राहिली, अन्न चालू राहिलं, पण शेंड्याचा अंमल गेला. पूर्ण छाटूनही चालतं, मला हे कमी धक्क्याचं वाटलं. हे १ मार्चला केलं असतं तर वीस दिवस वाचले असते.

२६ मार्च

दुसऱ्या फेरीची परीक्षा. ३ : देठ गळाला. ९ : गळाला. ६ आणि ८ : चिकटून बसले, गेले.

३ आणि ९ चे शेंडे लगेच वाकवले.

२८ मार्च

आई सकाळी माझ्या आधी वर गेली होती. मी उठले तेव्हा चहा झाला होता आणि ती म्हणाली, "दोनचा उघडला."

तो जवळून असा दिसतो : दाण्याएवढा डोळा, वरची तपकिरी खवली दोन बाजूंना सरकलेली, मधून गडद लाल टोक. त्यावर बारीक घडी. भिंगातून बघितलं तर ती घडी म्हणजे दुमडलेलं पान, कडेचे दातेसुद्धा तयार. एवढं सगळं त्या १४ फेब्रुवारीला माझ्या चिमटीत होतं, आणि त्याआधी सबंध थंडीभर काळ्या पडत चाललेल्या फांदीवर होतं. मी ते फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेलं.

६ एप्रिल

२ : चार बोटं. ३ आणि ९ उघडले.

५ : पाच दिवसांपूर्वी उघडला होता, तीन बोटं झाला होता. काल रात्री वारा सुटला. सकाळी तो धुमारा पिशवीच्या मातीवर पडलेला, ढालीपासून निखळून. नवा धुमारा जोडाशी फार कच्चा असतो. दोन बोटं झाला की काठीला बांधायलाच हवा. मला माहीत होतं, काठी आणून ठेवली होती, उद्या करू म्हणून राहिलं.

बाकीचे तिन्ही आज बांधले. सुतळीने साल कापली जाते, मऊ कापड हवं. आईकडे मागितलं. ती आत गेली आणि बाबांचा निळा चौकटीचा सदरा घेऊन आली, ऑक्टोबरपासून दाराच्या खुंटीला होता तो. मशीनच्या टेबलावर पसरला, हाताने सारखा केला, आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या. काही बोलली नाही, मीही नाही. बांधताना इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा वेढा द्यायचा : एक फेर काठीला, एक धुमाऱ्याला, मध्ये जागा सैल. घट्ट बांधलं तर वाढायला जागा राहत नाही.

१४ एप्रिल

५ टाकून दिला नाही म्हणून बरं. निखळलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना टाचणीच्या डोक्याएवढे दोन ठिपके आले आहेत, हिरवे. गुलाबाच्या मुख्य डोळ्याच्या कडेला राखीव डोळे असतात, मधला गेला तर ते उठतात. खुंटाचे फुटवे पुन्हा तीन आले होते, उपटले.

मूळ झाडावर ठेवलेला एक डोळाही फुगला आहे. खोडाच्या अगदी बुडाशी. आईने ठेवायला लावलेला.

३ मे

हिशेब : १९ डोळे. ३ साल सुटायच्या आधी भरून घालवले. २ शेंडेमरेने गेले. ४ फ्रिजमध्ये बुरशीने. भरलेल्या ९ पैकी ४ जगले. १ झाडावर ठेवला, तो आता वीतभर झाला आहे. म्हणजे बावीस वर्षांच्या एका झाडाची आता पाच ठिकाणं आहेत. वेळ चार महिने, त्यातला निदान महिना घाईने आणि दिरंगाईने गेला.

२ ला कळी आली आहे, वाटाण्याएवढी. पहिली कळी खुडायची असते, म्हणजे झाड फुलावर जोर न घालवता फांद्या धरतं. हे बरोबर आहे आणि मी कात्री घेऊन गेले होते. आईच्या हातात दिली. तिने कळी दोन बोटांत धरून बघितली, खालची पानं मोजली, आणि कात्री मला परत दिली.

"हिला राहू दे. ३ आणि ९ ला येतील त्या खुडू."

रंग अजून दिसत नाही. हिरव्या पाकळ्यांच्या सांध्यातून केसाएवढी गुलाबी रेघ आहे, तीसुद्धा उन्हाकडे धरल्यावर.